क्रेगलॉकहार्ट : एका वास्तूचीं चार आयुष्यें

स्कॉटलंडची राजधानी जी एडिंबरो नगरी, तिच्या नैर्ऋत्येस क्रेगलॉकहार्ट नांवाची एक टेकडी आहे. टेकडीच्या उतारावर इटालियन धर्तीची एक प्रचंड दगडी इमारत उभी आहे. आज तिच्यांत व्यापारशास्त्राचे विद्यार्थी शिकतात. परंतु ही इमारत बांधली गेली ती विद्येसाठीं नव्हे, पाण्यासाठीं. पाण्याच्या योजक उपयोगानें मनुष्याचे बहुतेक रोग बरे होतात, अशी ज्या काळाची श्रद्धा होती, त्या काळानें १८७७ ते १८८० या वर्षांत ती उभारली. पुढें तिच्यांत लष्करी इस्पितळ आलें. नंतर ख्रिस्ती धर्मभगिनींचा मठ आणि अध्यापिकांचें विद्यालय आलें. आणि अखेर विश्वविद्यालय आलें. सुमारें दीडशें वर्षांच्या या आयुष्यांत इस्पितळाचा काळ अवघा अडीच वर्षांचा. तरी जगाला ही वास्तु ठाऊक आहे ती त्या अडीच वर्षांमुळेंच. असें कां व्हावें, हें समजण्यासाठीं तिचा इतिहास प्रारंभापासून पाहिला पाहिजे.

जलोपचाराचा आधुनिक प्रवर्तक व्हिन्सेंट प्रीस्निट्झ हा ऑस्ट्रियाच्या सायलीशिया प्रांतांतील ग्राफेनबर्ग या डोंगराळ खेड्यांतला शेतकरी. त्याचा जन्म १७९९ चा. वैद्यकाचें शिक्षण त्याला मिळालेलें नव्हतें. तरुणपणीं अपघातांत त्याच्या बरगड्या मोडल्या, तेव्हां ओल्या पट्ट्या बांधून त्यानें स्वतःस बरें केलें, अशी त्याची प्रसिद्धि झाली. रोग्यास ओल्या चादरींत गुंडाळावें, अंगावर थंड पाण्याची धार सोडावी, भरपूर पाणी पाजावें, साधें अन्न द्यावें आणि डोंगरावर चालावयास लावावें, ही त्याची पद्धति. युरोपांतील सरदार-जमीनदारांची त्या खेड्याकडे रीघ लागली. १८४२ सालीं डॉक्टर विल्सन व डॉक्टर गली यांनीं ही विद्या इंग्लंडांत माल्व्हर्न येथें आणली. १८४९ सालीं चार्ल्स डार्विनसारखा शास्त्रज्ञही सततच्या पोटदुखीनें व मळमळीनें त्रासून तेथें जाऊन राहिला, आणि आपणांस बरें वाटलें असें त्यानें नमूद केलें.

या उपचाराचें यश सर्वस्वी भ्रामक नव्हतें. त्या काळचें प्रतिष्ठित वैद्यक रोग्याचें रक्त काढी, त्याला पारा चारी आणि जुलाबांनीं हैराण करी. त्यांतून सुटून जो रोगी डोंगराच्या हवेंत महिनाभर राही, वेळेवर जेवे आणि वेळेवर निजे, त्याची प्रकृति सुधारली तर नवल काय? पाण्यानें जेवढें केलें, त्याहून अधिक कदाचित् विश्रांतीनें आणि नियमानें केलें असेल. महाराष्ट्रासही हा विचार अपरिचित नाहीं. जर्मनीच्या लुई कुन्हेचें कटिस्नान महात्मा गांधींनीं स्वतः अनुभविलें होतें, आणि १९४६ सालीं त्यांच्याच प्रेरणेनें पुण्याजवळ उरुळी कांचन येथें निसर्गोपचाराचा आश्रम स्थापन झाला. ग्राफेनबर्गचा तो झरा अशा वाटेनें मुळामुठेच्या प्रदेशापर्यंत येऊन पोंचला.

स्कॉटलंडांत मात्र या उपचाराला एक वेगळेंच रूप आलें. तेथें डोंगर होते, स्वच्छ पाणी होतें, नवी आगगाडी होती, आणि कारखानदारीनें सधन झालेला मध्यमवर्ग होता. या वर्गाला सुटी हवी होती. परंतु निव्वळ चैन करणें त्याच्या धर्मनिष्ठ मनाला रुचत नव्हतें. प्रकृतीसाठीं सुटी घेणें हें त्याला शोभण्यासारखें होतें. जलोपचारगृहांनीं नेमकी हीच गरज ओळखली. त्यांत स्नानाच्या नाना सोयी असत, डॉक्टर असे, आणि त्याबरोबर भोजनाचा दिवाणखाना, बिलियर्डची खोली, टेनिसचें पटांगण हेंही सर्व असे. मद्याला बहुधा बंदी असे. १८६८ मध्यें क्रीफ येथें असें एक मोठें गृह निघालें, आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत डनब्लेन, मोफॅट, पिटलॉक्री, पीबल्स अशा गांवोगांवीं भागभांडवलाच्या कंपन्यांनीं राजवाड्यासारख्या इमारती बांधल्या. क्रेगलॉकहार्ट हें त्यांपैकींच एक. पेडी आणि किनिअर या एडिंबरोच्या प्रसिद्ध शिल्पज्ञांनीं त्याचा आराखडा केला.

परंतु मुहूर्त चांगला नव्हता. इमारतीचें काम चालू असतांनाच, १८७८ च्या ऑक्टोबरांत, सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. तिचे भागीदार अमर्याद जबाबदारीचे असल्यामुळें शेंकडों घरें धुळीस मिळालीं आणि पैसा दुर्मिळ झाला. प्रचंड इमारतींवर ऋण काढून बसलेल्या अनेक जलोपचार-कंपन्यांना पुढील दशकांत आपला कारभार आटोपावा लागला. ज्या इमारती तगल्या, त्यांत पाणी हळूहळू मागें पडलें आणि हॉटेल पुढें आलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं अशा ठिकाणीं जाणारा पाहुणा ओल्या चादरीसाठीं जात नसे. तो गोल्फ खेळण्यासाठीं आणि चार दिवस स्वस्थ बसण्यासाठीं जाई. नांवांतलें पाणी मात्र राहिलें. लोक या गृहांना लाडानें ‘हायड्रो’ म्हणत.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें. खंदकांच्या त्या युद्धांत एक नवाच आजार डॉक्टरांच्या पुढें आला. अंगावर जखम नाहीं, परंतु वाचा गेली आहे. डोळे शाबूत आहेत, परंतु दिसत नाहीं. हात-पाय थरथरतात, झोंप लागत नाहीं, आणि लागली तर मनुष्य किंकाळी फोडून जागा होतो. १९१५ च्या फेब्रुवारींत चार्ल्स मायर्स या डॉक्टरानें ‘लॅन्सेट’ पत्रांत ‘शेल शॉक’, म्हणजे तोफगोळ्याचा धक्का, हें नांव छापून प्रसिद्ध केलें. तोफगोळ्याच्या स्फोटानें मेंदूस इजा होते, अशी प्रथम समजूत होती. पण तोफेच्या जवळपासही न गेलेल्या माणसांना जेव्हां तो होऊं लागला, तेव्हां हा आजार शरीराचा कमी आणि मनाचा अधिक, हें मान्य करणें भाग पडलें. लष्कराला ही कबुली अवघड होती. मनाच्या दुखण्याला भ्याडपणा समजण्याची जुनी संवय होती. पळपुटेपणा, भित्रेपणा अशा आरोपांखालीं स्वतःच्याच सैन्यानें गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश सरकारनें मरणोत्तर क्षमा केली, ती २००६ सालीं.

१९१६ च्या उन्हाळ्यांत सोमच्या लढाईनें अशा रोग्यांची संख्या फारच वाढविली. अधिकारीवर्गांतील रोग्यांना कोठें ठेवावें, हा प्रश्न उभा राहिला. त्यांना वेड्यांच्या इस्पितळांत घालणें प्रतिष्ठेस सोडून होतें, आणि सामान्य इस्पितळांत जखमींच्या शेजारीं ठेवणें गैरसोयीचें. येथें जलोपचारगृहाची रचना अनायासें उपयोगी पडली. लांबच लांब वऱ्हांडे आणि त्यांवर उघडणाऱ्या लहान खोल्या, मोठें भोजनगृह, स्नानाचें तळें, सभोंवार बाग, शहर जवळ पण दृष्टीआड. थकलेल्या श्रीमंतांसाठीं जें एकान्तस्थान केलें होतें, तें मोडलेल्या सैनिकांना लपविण्यासही पुरेसें होतें. १९१६ च्या ऑक्टोबरांत तेथें लष्करी इस्पितळ सुरू झालें. १९१९ च्या मार्चमध्यें तें बंद होईपर्यंत सतराशेंहून अधिक अधिकारी तेथें येऊन गेले. साध्या शिपायांच्या वांट्याला हें भाग्य आलें नाहीं. त्यांपैकीं कित्येकांना दुसऱ्या ठिकाणीं विजेचे झटके देऊन बोलतें करण्यांत आलें.

दिवसा हें ठिकाण पूर्वींच्या हॉटेलासारखेंच दिसे. कोणी गोल्फ खेळत आहे, कोणी बागेंत खणीत आहे, कोणी नाटकाची तालीम करीत आहे. रात्रीं मात्र वऱ्हांड्यांत त्याच माणसांच्या हांका ऐकूं येत. प्रत्येक बंद दारामागें एक एक रणांगण जागें होई.

तेथील दोन डॉक्टरांचीं नांवें लक्षांत ठेवण्याजोगीं आहेत. पहिले आर्थर ब्रॉक. त्यांचें मत असें कीं, या रोग्याचा भोवतालच्या जगाशीं असलेला संबंध तुटलेला असतो. तो पुन्हां जोडावयाचा तर त्याला काम दिलें पाहिजे. ग्रीक पुराणांत अँटिअस नांवाचा एक राक्षस आहे. पायाखालीं भूमि असेपर्यंत तो अजिंक्य होता, आणि हर्क्युलिसानें त्यास उचलून अधांतरीं धरलें तेव्हां तो मेला. ब्रॉक म्हणत, माझे रोगी असेच भूमीपासून सुटलेले आहेत. म्हणून त्यांनीं कोणास शेतीच्या कामाला लावलें, कोणास छायाचित्रें काढावयास, कोणास शाळेंत शिकवावयास. इस्पितळाचें एक पाक्षिक निघे, त्याचें नांव ‘हायड्रा’. हायड्रोचा हायड्रा ही कोटी तर होतीच, पण हायड्रा हा ग्रीक पुराणांतला अनेक तोंडांचा सर्पही आहे. त्याचें एक डोकें छाटलें कीं दोन नवीं उगवतात. मनाच्या आजाराला याहून चपखल नांव मिळणें कठीण.

दुसरे डॉक्टर विल्यम रिव्हर्स. हे वैद्य होते, मानसशास्त्रज्ञ होते आणि मानववंशशास्त्रज्ञही होते. निलगिरींतील तोडा लोकांमध्यें राहून त्यांनीं लिहिलेला ग्रंथ १९०६ मध्यें प्रसिद्ध झाला होता. परक्या समाजांतील मनुष्याचें बोलणें धीरानें ऐकून घेण्याची जी संवय त्यांस तेथें लागली, ती येथें कामास आली. ‘झालें तें विसरा, चांगल्या गोष्टींचा विचार करा,’ असा उपदेश रोग्यांना सगळीकडे होत असे. रिव्हर्सना आढळलें कीं, आठवण जितकी दडपावी तितकी ती रात्रीं उग्र होऊन येते. म्हणून त्यांनीं रोग्यास तिच्याकडे सरळ पाहावयास लावलें. त्यांच्या निबंधांत एका अधिकाऱ्याची हकीकत आहे. स्फोटानें छिन्नविच्छिन्न झालेला आपल्या मित्राचा देह त्यानें पाहिला होता, आणि तें दृश्य त्यास रोज स्वप्नांत दिसे. रिव्हर्सनीं त्यास सांगितलें कीं, देहाची ती अवस्था हाच पुरावा आहे कीं तुमचा मित्र तत्क्षणीं मेला, त्यास यातना झाल्या नाहींत. कांहीं दिवसांनीं त्याला पुन्हां तेंच स्वप्न पडलें. परंतु या वेळीं तो भ्याला नाहीं. मित्राशेजारीं बसून तो शांतपणें त्याच्याशीं बोलला. प्रत्येक रोग्याला असा आधार सांपडत नसे, हेंही रिव्हर्सनीं प्रांजळपणें लिहिलें आहे.

१९१७ च्या उन्हाळ्यांत या गृहांत दोन कवि आले. २६ जूनला विल्फ्रेड ओवेन आला. तो चोवीस वर्षांचा, अप्रसिद्ध, तोफगोळ्याच्या स्फोटानें खचलेला. २३ जुलैला सीगफ्रीड सस्सून आला. हें आडनांव महाराष्ट्रास परकें नाहीं. पुण्याचें ससून रुग्णालय आणि मुंबईचें ससून वाचनालय ज्यांच्या नांवानें ओळखलें जातें, त्या डेव्हिड ससून यांचा हा पणतू. सस्सूनला रूढ अर्थानें आजार नव्हता. रणांगणावर शौर्याचें पदक मिळविलेल्या या अधिकाऱ्यानें, हें युद्ध आतां संरक्षणाचें न राहतां आक्रमणाचें झालें आहे आणि तें जाणूनबुजून लांबविलें जात आहे, असें जाहीर निवेदन केलें होतें. ३० जुलै रोजीं तें पार्लमेंटांत वाचण्यांत आलें. त्याच्यावर खटला भरणें सरकारला अडचणीचें होतें. म्हणून त्याचा कविमित्र रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज याच्या खटपटीनें त्यास रोगी ठरवून क्रेगलॉकहार्टला पाठविण्यांत आलें.

ओवेन ब्रॉकचा रोगी, सस्सून रिव्हर्सचा. ओवेनकडे ‘हायड्रा’चें संपादन होतें. एके दिवशीं सस्सूनचें पुस्तक बगलेंत घेऊन, त्यावर स्वाक्षरी मागण्याच्या निमित्तानें, तो त्याच्या खोलीचें दार ठोठावून आंत गेला. पुढील आठवड्यांत सस्सूननें त्याच्या कविता तपासल्या, शब्द बदलले, आणि स्वतः पाहिलेलें युद्धच लिही असें त्याला सांगितलें. ‘अँथेम फॉर डूम्ड यूथ’ या सुनीताच्या हस्तलिखितावर सस्सूनच्या हातच्या दुरुस्त्या आहेत. ‘डल्से एट डेकोरम एस्ट’ या कवितेचा पहिला खर्डाही याच घरांत झाला. इंग्रजी काव्याच्या इतिहासांत या इमारतीस जें स्थान आहे, तें या तीन महिन्यांच्या सहवासामुळें.

परंतु या सर्व उपचारांच्या मुळाशीं एक पेंच होता, आणि तो रिव्हर्सना पुरता ठाऊक होता. रोगी बरा करावयाचा कशासाठीं? पुन्हां रणांगणावर पाठविण्यासाठीं. कित्येकांना हलकें काम मिळे, कित्येकांना लष्करांतून मुक्ति मिळे. परंतु जो पूर्ण बरा होई, त्याच्या आरोग्याचें बक्षीस म्हणजे पुन्हां तोच खंदक. सस्सूनच्या बाबतींत तर पेंच अधिकच बिकट होता. ज्याचें म्हणणें कदाचित् शहाणपणाचें आहे, त्याला शहाणा करण्याचें काम रिव्हर्सकडे आलें होतें. दोघांत स्नेह जडला. अखेर आपण येथें सुरक्षित आहों आणि आपले सैनिक तेथें मरत आहेत, ही टोंचणी सस्सूनला सहन होईना, आणि २६ नोव्हेंबर १९१७ रोजीं तो पुन्हां सैन्यांत गेला. तो जखमी झाला, पण वांचला. १९६७ पर्यंत जगला. ओवेनही बरा झाला आणि परतला. ४ नोव्हेंबर १९१८ रोजीं फ्रान्समध्यें एक कालवा ओलांडतांना तो मारला गेला. युद्ध संपावयास तेव्हां एकच आठवडा राहिला होता. ११ नोव्हेंबरला गांवांत शांततेच्या घंटा वाजत असतां त्याच्या घरीं मृत्यूची तार आली. त्याच्या नोंदवहींत रवीन्द्रनाथांच्या ‘गीतांजली’तील ओळी उतरून घेतलेल्या होत्या. १९२० मध्यें त्याच्या आईनें रवीन्द्रनाथांस पत्र लिहून तें कळविलें.

या इस्पितळांतील विचारांचा एक प्रवाह मुंबईसही येऊन मिळाला आहे. ब्रॉक हे पॅट्रिक गेडीस यांच्या विचारांचे अनुयायी. मनुष्य, त्याचें काम आणि त्याचें स्थळ यांचा एकत्र विचार करावा, ही गेडीस यांची शिकवण. हेच गेडीस १९१९ मध्यें मुंबई विश्वविद्यालयांत समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणांत जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये यांस त्यांनीं उच्च शिक्षणासाठीं इंग्लंडला जाण्याकरितां निवडलें. आणि घुर्ये यांनीं केंब्रिजला ज्यांच्या हाताखालीं संशोधन आरंभिलें, ते गुरु म्हणजे डॉक्टर रिव्हर्स. १९२२ च्या जूनमध्यें रिव्हर्स अकस्मात् वारले, तेव्हां हॅडन यांच्या मार्गदर्शनाखालीं घुर्ये यांनीं आपलें काम पुरें केलें. मुंबईस परतल्यावर १९२४ मध्यें त्यांनीं समाजशास्त्राचा विभाग हातीं घेतला. हिंदुस्थानांतील समाजशास्त्राची एक मोठी परंपरा त्यांच्यापासून चालते.

युद्ध संपलें आणि इमारत पुन्हां रिकामी झाली. १९१८ च्या शिक्षणविषयक कायद्यानें स्कॉटलंडांतील कॅथलिक शाळा सरकारी व्यवस्थेंत घेतल्या होत्या, आणि त्यांच्यासाठीं शिकलेल्या शिक्षकांची गरज उत्पन्न झाली होती. १९२० मध्यें ‘सोसायटी ऑफ द सेक्रेड हार्ट’ या धर्मभगिनींच्या संघानें क्रेगलॉकहार्ट घेतलें. एकीकडे मठ, एकीकडे अध्यापिकांचें विद्यालय. मूळ संस्था फ्रान्सची. मुंबईचें सोफिया महाविद्यालय याच संघानें १९४० च्या सुमारास काढलें. ज्या वऱ्हांड्यांत रात्रीं किंकाळ्या उठत, तेथें आतां ठराविक वेळीं मौन पाळलें जाऊं लागलें. लहान लहान खोल्या तीन वेळां तीन प्रकारच्या माणसांच्या उपयोगी पडल्या : पाहुणा, रोगी आणि विद्यार्थिनी. हा काळ साठ वर्षांहून अधिक, म्हणजे इतर कोणत्याही काळाहून मोठा. शेंकडों शिक्षिका तेथून बाहेर पडल्या. तरी त्याविषयीं कादंबऱ्या लिहिल्या गेल्या नाहींत. सुरळीत चाललेल्या कामाची आठवण इतिहास फारशी ठेवीत नाहीं.

१९८० च्या दशकांत मठ उठला आणि इमारत नेपिअर महाविद्यालयाकडे आली. लॉगेरिथमचा शोध लावणारा जॉन नेपिअर हा एडिंबरोचाच. १९९२ मध्यें महाविद्यालयाचें विश्वविद्यालय झालें. २००४ मध्यें जुन्या इमारतीस कांचेचें दालन आणि अंड्याच्या आकाराचें व्याख्यानगृह जोडण्यांत आलें. पॅट बार्कर यांची ‘रीजनरेशन’ ही कादंबरी १९९१ मध्यें प्रसिद्ध झाल्यापासून वाचकांची पावलें या घराकडे वळूं लागलींच होतीं. आज तेथें युद्धकवींच्या स्मृतींचा एक संग्रह जपून ठेवला आहे, आणि पूर्वीं ‘हायड्रा’ जेथें निघे तेथें जमाखर्चाचे व व्यवस्थापनाचे पाठ चालतात.

या चार आयुष्यांत एक सूत्र दिसतें. बांधणाऱ्यांची जलश्रद्धा अल्पायुषी ठरली, परंतु तिच्यासाठीं जी जागा झाली, ती पुढच्या प्रत्येक पिढीस उपयोगी पडली, कारण प्रत्येक पिढीला जगापासून थोडें बाजूला राहण्याची गरज असतेच. जलोपचारकांनीं रोग्यास चांगली हवा, नियम आणि काम दिलें, आणि श्रेय पाण्यास दिलें. ब्रॉक व रिव्हर्स यांनीं पाणी वगळून बाकीचें घेतलें, आणि त्यांत एका गोष्टीची भर घातली : दुखावलेल्या मनुष्याचें बोलणें मन लावून ऐकणें. आजचें मानसोपचारशास्त्र युद्धांतून, अपघातांतून, भूकंपांतून वांचलेल्यांकडे ज्या दृष्टीनें पाहतें, तिची एक वाट या टेकडीवरून गेलेली आहे.

पण त्या घरानें विचारलेला प्रश्न मात्र अजून सुटलेला नाहीं. जगच रोगी असतां एका मनुष्यास बरें करून त्याच जगांत परत धाडणें, हा उपचार पुरा म्हणावा काय? रिव्हर्सनीं आपलें कर्तव्य केलें आणि तो प्रश्नही मनांतून जाऊं दिला नाहीं. ओवेनच्या कवितांनीं तो पुढच्या पिढ्यांच्या स्वाधीन केला. अडीच वर्षांनीं दीडशें वर्षांवर मात केली, ती यामुळें.